नवरीच्या तोंडावरची लाल फुली

लग्नाला दीड-दोन महिने झालेले असतात. मंडपवाला, केटरर, बँडवाला यांचे हिशेब मिटलेले असतात. फोटोवाल्याचा तेवढा राहिलेला असतो, कारण ‘कॅसेट’ हातात पडल्याशिवाय त्याची शेवटची बाकी द्यायची नाही, हा नियम नांदेड-लातूरकडे कुणी लिहून ठेवलेला नसला तरी पाळतात सगळे. व्हीएचएस गेली, सीडी आली, डीव्हीडी आली, आता पेन ड्राइव्ह. मागायला येणारा माणूस अजून कॅसेटच मागतो. मग एखाद्या रविवारी तो पेन ड्राइव्ह टीव्हीच्या पाठीमागे खोचला जातो. मुलीचे मामा, नवरदेवाचे काका, शेजारच्या दोन बाया, खाली बसलेली पोरं. गणपती होतो, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ फुलांच्या वर्षावात येऊन जातात, हळद होते. आणि पाठवणीत, मुलगी आईच्या गळ्यात पडलेली, चाल संथ केलेली, गाणं भरात आलेलं, अशा वेळी पडद्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली उमटते. दोन-तीन सेकंद राहते आणि जाते. पोरं हसतात. मामा रिमोटनं मागे घेतात. पुन्हा फुली.

“हॅलो, भाऊ? हे पोरीच्या तोंडावर काय दिसायलंय?”

नांदेडच्या वजिराबाद-शिवाजीनगरात, लातूरच्या गंजगोलाईभोवती किंवा औसा रोडला मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, करणाऱ्या माणसाला हा फोन काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही. त्याला फुलीही माहीत असते आणि ती कुठून आली हेही. ग्राहकाला मात्र तो सांगतो, “पेन ड्राइव्ह खराब निघाला, उद्या दुसरा देतो.”

ही फुली म्हणजे प्लगइनच्या ट्रायलचा वॉटरमार्क. एडिटिंगचं मुख्य सॉफ्टवेअर एक असतं आणि त्याला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं वेगळी. दागिन्यांवर चमक आणणारं एक, वरातीच्या रात्रीच्या चित्रातला दाणा घालवणारं दुसरं, चाल संथ करणारं तिसरं, रंग ‘सिनेमासारखे’ करणारं चौथं. प्रत्येकाची कंपनी निराळी आणि किंमत निराळी. कंपन्या ती वापरून बघायला फुकट देतात. सगळी बटणं चालतात, फक्त चित्रावर कंपनीची खूण येते. कुणी लाल फुली मारतं, कुणी आपलं नाव आडवं छापतं. पैसे भरून लायसन्सची ‘की’ टाकली की खूण जाते.

फुली नेमकी पाठवणीवरच कशी येते, असं पुष्कळांना वाटतं. त्यात योगायोग काही नाही. जेवणाच्या पंगतीवर कुणी महागडा इफेक्ट टाकत नाही. आहेर घेणाऱ्या रांगेवर टाकत नाही. एडिटर इफेक्ट टाकतो तो मंगळसूत्रावर, अक्षतांवर, नवरीनं मान वर करून पाहिलं त्या क्षणावर, आईच्या हुंदक्यावर. म्हणजे घरच्यांना जे सगळ्यात मोलाचं, नेमकं त्याच्यावरच दुसऱ्याच्या मालाची खूण. ट्रायल कुठे आणि कशी बोचेल हे कंपन्यांनी पक्कं ओळखलेलं आहे, असं म्हणायला हरकत नाही.

हा धंदा इथे कसा वाढला ते थोडं बघावं लागेल. व्हीएचएसच्या काळात खांद्यावरचा कॅमेरा, दोन व्हीसीआर आणि मधे पॅनासॉनिकचा एमएक्स मिक्सर असला की लॅब उभी राहायची. बदामाच्या आकारातून नवरदेव जाऊन नवरी यायची, ती त्या मिक्सरची करामत. इफेक्ट मशीनमध्येच असायचे. मशीन घेतलं की इफेक्टही आपले. चोरायचं म्हटलं तर आख्खं मशीनच उचलून न्यावं लागलं असतं. नंतर कॉम्प्युटर आला आणि त्यासोबत जपानमधल्या कोबेच्या कॅनोपस कंपनीची कार्डं आली. २००५-०६च्या सुमारास ही कंपनी ग्रास व्हॅलीकडे गेली, पण तिचं एडियस हे सॉफ्टवेअर भारतातल्या लग्नांच्या मिक्सिंगमध्ये असं रुतून बसलं की आजही पुष्कळ लॅबमध्ये तेच उघडलेलं दिसतं. त्याला कारण आहे. लग्नाचा डेटा कधीच एकसारखा नसतो. सोनीचा खांद्यावरचा कॅमेरा, डीएसएलआर, ड्रोन, शिवाय नवरदेवाच्या मित्रानं मोबाइलवर काढलेली वरात. एडियस हे सगळं एकाच टाइमलाइनवर, साध्या मशीनवर, फारसं न अडखळता चालवायचं. प्रीमियर या दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्या काळी एवढ्यासाठी घाम फुटायचा.

एडियससोबत प्लगइन आले. जर्मनीच्या प्रोडॅड कंपनीचं व्हिटासीन, अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या न्यूब्लूचे इफेक्ट, पुढे रेड जायंटचं मॅजिक बुलेट, बोरिस एफएक्स आणि त्यांनी २०१६ साली विकत घेतलेलं सफायर, संथ चालीसाठी ट्विक्स्टर, दाणा काढायला नीट व्हिडिओ. साजावर, बिंदीवर, शालूच्या जरीवर जी तारांकित चमक तुम्ही शंभर कॅसेटींत पाहिली असेल, ती बहुतेक वेळा व्हिटासीनसारख्याच एखाद्या प्लगइनची. ती अभिरुचीला धरून आहे का, हा वाद मी इथे काढत नाही. ग्राहक मागतो. देगलूर-बिलोली-धर्माबादकडचा ग्राहक तर तेलुगू गाण्यांवर बेतलेले झगमगीत ‘प्रोजेक्ट’ मागतो, आणि नांदेडच्या स्टुडिओला ते द्यावे लागतात, नाहीतर काम निजामाबादला जातं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात गरज वेगळी. मंगल कार्यालयाच्या फ्लडलाइटखाली पांढरीशुभ्र साडी, पांढरे कपडे. कॅमेरा गोंधळतो, साडीचा पोत उडून जातो आणि चेहरे काळवंडतात. तिथे रंग सावरणारं चांगलं प्लगइन ही चैन नसते.

सॉफ्टवेअरला कुलूप असतं, हे मराठवाड्याला लग्नाच्या व्हिडिओनं शिकवलेलं नाही. त्याच गल्ल्यांमध्ये डीटीपीची दुकानं होती आणि त्यांच्या कॉम्प्युटरला मागून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचं डोंगल लावलेलं असायचं. डोंगल काढलं की काम बंद. पत्रिका छापणाऱ्या माणसानं ते डोंगल पैसे देऊन आणलेलं असायचं आणि रात्री दुकान बंद करताना काढून कपाटात ठेवायचं, अशी त्याची किंमत. कुलूप हातात धरता येत होतं तोवर लोकांनी त्याचे पैसे मोजले. ते अदृश्य झालं, तेव्हापासून ते फुकट उघडता यायला हवं असं वाटू लागलं.

फुलीचं यंत्र आतून कसं चालतं ते ठाऊक असलं तर निम्मा मनस्ताप वाचतो. एडियस किंवा प्रीमियर प्लगइनच्या हातात एकेक फ्रेम देतं. प्लगइन तिच्यावर काम करतं आणि परत देण्याआधी स्वतःचं लायसन्स तपासतं. लायसन्स नसलं तर तयार चित्रावर आपली खूण काढून मगच परत करतं. मुख्य सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही; त्याच्या लेखी आलेली फ्रेम हीच खरी. टाइमलाइनवर असेपर्यंत इफेक्ट काढला की खूण जाते. एकदा एक्सपोर्ट मारला की ती चित्राच्या ठिपक्यांतच मिसळलेली असते. खाली मूळ चेहरा कुठेतरी शिल्लक आहे आणि वरचा थर खरवडून काढता येईल, असा काही प्रकार नसतो. तेवढे ठिपके गेलेले असतात.

बरं, तपासून का घेत नाहीत? २५ फ्रेमच्या हिशेबानं तीन तासांच्या ट्रॅडिशनल कॅसेटीत दोन लाख सत्तर हजार फ्रेम असतात. एका सेकंदाचं ट्रान्झिशन म्हणजे त्यातल्या पंचवीस. लगीनसराईत एका माणसाच्या टेबलावर पाच-सहा लग्नांचा डेटा साठलेला असतो, रात्री झोपताना रेंडर मारायचा आणि सकाळी कॉपी करायचा, असं चाललेलं असतं. पूर्ण कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणारा पहिला माणूस म्हणजे नवरीचे मामा.

फुली आल्यावर ती लपवायच्या युक्त्या धंद्यात पुष्कळ आहेत. लोगो कोपऱ्यात असेल तर चित्र थोडं झूम करून तो चौकटीबाहेर ढकलायचा. मग बाजूला उभी असलेली करवली अर्धी कापली जाते आणि चित्राची धारही जाते. नाहीतर त्या जागेवर फुलांचा गुच्छ, हलणारी अंगठी, किंवा स्टुडिओचं नाव बसवायचं. एखाद्या कॅसेटीत मध्येच विनाकारण डावीकडून गुलाब उगवताना दिसला तर त्याखाली काय गाडलंय याचा अंदाज आता वाचकांनी करावा. मधोमध आडव्या पडलेल्या फुलीपुढे मात्र गुलाबांचाही इलाज नाही. अलीकडे एआयनं पुसून देणारी साधनं आली आहेत. भिंत, पडदा, आकाश असेल तर ती काम भागवतात. चेहरा असेल तर ती आसपासच्या ठिपक्यांवरून नवा गाल, नवा डोळा रचतात, आणि प्रत्येक फ्रेमला थोडा निराळा रचतात. दोन सेकंद नवरीचा चेहरा पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. घरचे लगेच ओळखतात. स्वतःच्या मुलीचा चेहरा आहे तो.

यातला सगळ्यात अन्यायाचा प्रकार वेगळाच, आणि त्याची चर्चा फार होत नाही. पैसे भरले तरी फुली येते. प्लगइन रीतसर विकत घेतलं, की टाकली, टाइमलाइन स्वच्छ दिसते, एक्सपोर्ट केलं आणि तीन ठिकाणी फुली तशीच. याचं कारण बहुतेक वेळा रेंडर कॅशमध्ये असतं. ट्रायल चालू असताना सॉफ्टवेअरनं जे तुकडे आधीच रेंडर करून डिस्कवर ठेवले, त्यांच्यात खूण भाजून पक्की झालेली असते. लायसन्स आल्यावर सॉफ्टवेअर ते तुकडे नव्यानं बनवत नाही, तयार आहेत म्हणून तेच उचलतं. कॅश उडवायची, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा आणि नव्यानं रेंडर मारायचा, एवढंच काम असतं. हे ठाऊक नसलेला माणूस कंपनीला शिव्या देतो आणि पुढच्या वेळी पैसे भरायचे नाहीत असं ठरवतो.

दुसरं कारण आवृत्तीचं. दहाव्या आवृत्तीची की अकरावीला चालत नाही. अपडेट आलं म्हणून उत्साहानं दाबलं की विकत घेतलेलं प्लगइन पुन्हा ट्रायल. तिसरं, मशीनची ओळख. लायसन्स विशिष्ट कॉम्प्युटरशी बांधलेलं असतं. मदरबोर्ड जळाला, बदलला, की प्लगइनच्या दृष्टीनं हे नवं मशीन, आणि जुन्यावरची जागा तर अडवलेलीच. उन्हाळ्यात विजेचा दाब वरखाली होणाऱ्या आपल्या भागात मदरबोर्ड जळणं ही काही नवलाची गोष्ट नाही. एप्रिल-मे म्हणजे ऐन तारखांचा मोसम. चौथं कारण बाजारातल्या तयार प्रोजेक्टचं. गाण्यासकट बनवलेले लग्नाचे प्रोजेक्ट हार्ड डिस्क भरून विकत मिळतात. ते बनवणाऱ्यानं त्याच्या मशीनवरचे प्लगइन वापरलेले असतात. तुमच्याकडे ते नसले तर काही चौकटी रिकाम्या येतात, काहींवर फुली. व्हिडिओहाइव्हसारख्या ठिकाणी टेम्प्लेटखाली ‘प्लगइन लागत नाही’ अशी नोंद असते, ती बघून घेणारा सुखी राहतो.

मग पैशांचा प्रश्न. किंमत डॉलरमध्ये असते आणि ती बॉस्टनला जेवढी, बिलोलीलाही तेवढीच. काही प्लगइन एकदाच पैसे घेतात, पण मोठे झालेले बहुतेक आता वर्षाच्या भाड्यावर गेले आहेत. अडोबीनं २०१३ साली ही वाट घातली आणि बाकीचे मागून आले. लग्नाचा धंदा वर्षभर चालत नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर सुरू होतो, मध्ये पौषात थांबतो, आषाढात बसतो. बारा महिन्यांचं भाडं पाच-सहा महिन्यांच्या कमाईतून द्यायचं. ज्या वर्षी पाऊस रुसतो आणि सोयाबीनचा भाव पडतो, त्या वर्षी लग्नं मोजकी होतात आणि कॅसेटीची ऑर्डर ‘फक्त फोटो’वर येते. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तशा उन्हाळ्यात कुणी सफायरचं भाडं भरेल, ही अपेक्षा करणाऱ्यानं एकदा लातूरला येऊन जावं.

पैसे असले तरी ते पोचवण्याची वाट सरळ नव्हती. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं, आणि छोट्या स्टुडिओवाल्याचा सगळा व्यवहार यूपीआयवर. त्यात १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांवर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. पाच हजारांवरच्या प्रत्येक कपातीला ग्राहकाची वेगळी मंजुरी हवी. ही मर्यादा जून २०२२मध्ये पंधरा हजार झाली. नियम ग्राहकाच्या भल्याचा होता. पण परदेशी कंपन्यांच्या यंत्रणा त्यासाठी तयार नव्हत्या आणि देशभर चालू असलेली कित्येक सबस्क्रिप्शनं पैसे खात्यात असूनही तुटली. सबस्क्रिप्शन तुटलं की प्लगइनला तुमचा प्रामाणिकपणा आठवत नाही.

आणि मग क्रॅक, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली प्रत. लपवण्यात अर्थ नाही, या भागात मिक्सिंगचा मोठा हिस्सा क्रॅकवर चालत आलाय. पण त्याला फुकट म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. क्रॅक विकत घ्यावा लागतो. व्हॉट्सअॅपवर कुणाचा तरी नंबर मिळतो, तो आधी पैसे पाठवायला लावतो, मग म्हणतो, एनीडेस्क चालू करा. त्याच्या शहरात बसून तो तुमच्या मशीनवर माउस फिरवतो. पहिलं काम अँटीव्हायरस बंद करणं. दुसरं, प्लगइनला कंपनीच्या सर्व्हरशी बोलता येऊ नये म्हणून वाट अडवणं. चार महिन्यांनी विंडोजचं अपडेट येतं, फुली परत येते, पुन्हा त्यालाच फोन, पुन्हा पैसे. हेही भाडंच झालं की! पावती नाही, नाव नाही, आणि तुमच्या कॉम्प्युटरची चावी एका अनोळखी माणसाकडे, जिथे शंभर घरांतल्या लेकी-सुनांचे फोटो-व्हिडिओ पडलेले आहेत. हा शेवटचा मुद्दा मला पैशांपेक्षा मोठा वाटतो, आणि ग्राहकांपैकी कुणी कधी तो विचारत नाही.

क्रॅकसोबत काय येतं याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर. २०१८पासून ते मुख्यतः क्रॅक आणि कीजेनच्या (खोटी की बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) पोटात बसून पसरलं. क्रॅक चालवला की मशीनवरच्या फायलींची नावं बदलतात, एकही उघडत नाही, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये चिठ्ठी पडते: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. नोकरदाराच्या कॉम्प्युटरवर असं झालं तर त्याची कागदपत्रं जातात. मिक्सिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर झालं तर लोकांची लग्नं जातात, आणि ती पुन्हा लावता येत नाहीत. एम्सिसॉफ्ट या कंपनीनं ऑक्टोबर २०१९मध्ये त्याच्या १४८ प्रकारांवर फुकट उतारा काढला. नंतरच्या बऱ्याच प्रकारांवर तो चालत नाही. यातली एकच बरी गोष्ट, जी आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत हवी. हे रॅन्समवेअर घाईत असतं, प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे केबी भागच ते बिघडवतं. कित्येक जीबीच्या व्हिडिओ फाइलला ते डोकं उडवण्यासारखं, पण धड शाबूत राहतं. त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली फाइल हाताशी असली तर दुरुस्तीच्या साधनांनी पुष्कळदा चित्र परत मिळतं. तेव्हा घाबरून डिस्क फॉरमॅट मारू नये.

कायदा काय म्हणतो तेही एकदा नीट वाचलेलं बरं, कारण ‘घरगुती धंदा आहे, कोण धरतंय’ ही समजूत फार घट्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या ६३ब कलमानुसार चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून कॉम्प्युटर प्रोग्राम वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त दंड करू शकतं. लग्नाचं मिक्सिंग धंदाच असल्यामुळे ही सवलत स्टुडिओला मिळत नाही. २०१२च्या दुरुस्तीनं ६५अ कलम आलं. हक्क मोडण्याच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, जे या धंद्यात फार थोड्यांना माहीत आहे. १७व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला किंवा फिल्म बनवून घेतली आणि वेगळा करार केला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देऊन काम सांगणारा. म्हणजे कॅसेट वधूपित्याची किंवा वरपित्याची, ज्यानं काम दिलं त्याची, स्टुडिओची नव्हे. नवरा-नवरीचं टीझर स्टुडिओ आपल्या नावाचा शिक्का मारून इन्स्टाग्रामवर टाकतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या मालावर आपली खूण काढत असतो. कुणी हरकत घेत नाही, ही गोष्ट वेगळी. उलट मुलीच्या मैत्रिणींना ते आवडतं.

आणि इथेच मला या सगळ्या प्रकरणातली गंमत दिसते. फुलीनं वैतागलेला स्टुडिओवाला स्वतः काय करतो? ग्राहकाची बाकी असेपर्यंत फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो ते छोट्या आकारात आणि मधोमध स्टुडिओचं नाव टाकून. प्री-वेडिंगचा व्हिडिओ ‘बघायला’ देतो तो मोठ्या लोगोसकट. बाकी आली की स्वच्छ प्रत. वॉटरमार्क म्हणजे उधारीची आठवण, ती पुसायचा मार्ग म्हणजे पैसे; हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? वाण्याच्या वहीत नाव असलेला माणूस स्वतःही वही ठेवतोच. ग्राहकानं लोगो कापून फोटो स्टेटसला ठेवला तर याला राग येतो, आणि तो रास्त असतो. मात्र त्याच रात्री तो प्रोडॅडच्या लोगोवर गुलाब बसवतो. मी हे नीतिपाठ म्हणून सांगत नाही. बाकी ग्राहकाकडून स्टुडिओकडे येते, स्टुडिओकडून मिक्सिंगवाल्या पोराकडे येते, दर टप्प्यावर उशिरा आणि कापून येते. साखळीच्या टोकाला असलेल्या जर्मन किंवा अमेरिकन कंपनीपर्यंत पोचायला तिच्यात उरतं काय? इफेक्ट टाकून कॅसेट ‘सिनेमॅटिक’ झाली म्हणून दर वाढवणारा स्टुडिओ आणि ते इफेक्ट लावणारा पोरगा ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. फुली आली तर फोन स्टुडिओला येतो, शिव्या पोराला पडतात.

लातूरला हीच फुली वेगळ्या वेशात दिसली. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांभोवती वाढलेल्या शिकवण्यांच्या शहरात वर्ग रातोरात बंद झाले. फळ्यासमोर तासन्तास बोलू शकणारी माणसं कॅमेऱ्यासमोर बसली. स्क्रीन रेकॉर्ड करायला हाताशी आलं बँडिकॅम, ज्याची फुकट आवृत्ती दहा मिनिटांनी थांबते आणि वर स्वतःचा पत्ता छापते. ‘नीट’ परीक्षेच्या पोरांनी त्या काळात रेणूंच्या साखळ्या पाहिल्या त्या बँडिकॅमच्या नावाखाली. तिथे कुणाला वाईट वाटलं नाही, कारण रसायनशास्त्राला चेहरा नसतो. मोबाइलवरच्या पिढीनं तर वॉटरमार्क डोळ्यांआडच केला. कोपऱ्यात काइनमास्टरचं नाव असलेले वाढदिवसाचे, नेत्यांच्या दौऱ्याचे, गावच्या यूट्यूब बातम्यांचे व्हिडिओ इतके झाले की ते नाव चित्राचाच भाग वाटायला लागलं. २९ जून २०२०ला केंद्रानं टिकटॉकसह ५९ अॅप बंद केली, त्यांत व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचं अॅपही होतं. पोरं दुसऱ्या दिवशी इनशॉटवर गेली, जिथे एक जाहिरात बघितली की खूण जाते. पैसे नाहीत तर वेळ द्या. हा सौदा तिथे सगळ्यांना पटला.

मोठ्या मशीनवर पटण्यासारखा सौदा देणारं सॉफ्टवेअरही आहे आणि गेल्या काही वर्षांत ते इथे पाय रोवतंय. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं २००९ साली दा विंची सिस्टिम्स विकत घेतली. एकेकाळी हॉलिवूडच्या स्टुडिओंत लाखो डॉलरच्या टेबलावर चालणारं त्यांचं रंगकाम आता रिझॉल्व्ह नावानं फुकट मिळतं, आणि ते ट्रायल नव्हे. फोर-केपर्यंतचं एक्सपोर्ट बिनफुलीचं होतं. पैसे देऊन मिळणाऱ्या ‘स्टुडिओ’ आवृत्तीतली साधनं, दाणा काढणारं त्यातलंच एक, फुकट आवृत्तीत लावून बघितली तर मात्र चित्रभर नाव येतं. ‘स्टुडिओ’ आवृत्तीची किंमत २९५ डॉलर, एकदाच. आजवर नव्या आवृत्त्यांचे वेगळे पैसे त्यांनी मागितलेले नाहीत, आणि एक की दोन मशीनवर चालते. ज्याला वर्षाला भाडी भरणं जमत नाही, त्यानं पाच क्रॅक प्लगइनऐवजी हा एकच हिशेब करून बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण सवयीची आहे. एडियसवर बोटं बसलेल्या माणसाला रिझॉल्व्ह सुरुवातीला परक्या गावासारखं वाटतं, ग्राफिक्स कार्ड दणकट लागतं, आणि विकत घेतलेले जुने तयार प्रोजेक्ट त्यात उघडत नाहीत. ऐन मोसमात बदल करायला जाऊ नये. आषाढ ते दिवाळी हा त्याचा काळ.

दिवाळीत दुकान झाडून घेताना कॉम्प्युटरही फॉरमॅट करून घ्यायची पद्धत आहे. मशीनवाला पोरगा विचारतो, “सी ड्राइव्ह उडवू का, दादा?” हो म्हणायच्या आधी विकत घेतलेल्या प्रत्येक प्लगइनचं लायसन्स त्याच्या खिडकीत जाऊन डीअॅक्टिव्हेट करावं लागतं, नाहीतर नव्या विंडोजवर तेच प्लगइन ट्रायल होऊन उठतं आणि कंपनीला मेल लिहून उत्तराची वाट बघत बसावं लागतं. कीचे मेल दुसऱ्या कुठेतरी उतरवून ठेवलेले असावेत. सगळं परत टाकून झालं की काळ्या क्लिपवर एकेक प्लगइन लावून एक सेकंद रेंडर करून टीव्हीवर बघावा. काळ्यावर फुली चटकन दिसते. कार्तिकी द्वादशीला तुळशीचं लग्न लागतं, आणि डायरीत पहिली तारीख त्याच आठवड्यात लिहिलेली असते.